अंधारा पाख

आमच्याकडे महिन्याला दोन पाख असतात. एक चांदणा, एक अंधारा. शुक्ल आणि कृष्ण हे शब्द भटजींच्या तोंडचे, शुद्ध आणि वद्य हे पंचांगातले नि जुन्या कागदांतले. गुंजवण्यातली म्हातारी माणसं ‘पाख कोणता चाललाय’ एवढंच विचारायची. पुनवेच्या दुसऱ्या दिवसापासून अवसेपर्यंतचे पंधरा दिवस म्हणजे अंधारा पाख. या पंधरवड्याला लोक उगाच नावं ठेवतात असं मला पुष्कळ वर्षं वाटत आलंय. त्याचं कारण नीट सांगायचं तर आधी गावचा चंद्र सांगावा लागेल, मग गडाचा इतिहास, आणि शेवटी आमच्या घरचा एक म्हाळ.

गुंजवणे राजगडाच्या पायथ्याला, गुंजवणी नदीच्या खोऱ्यात वसलेलं आहे. तालुका वेल्हे, आता सरकारनं त्याचं नाव राजगड तालुका केलंय. पुण्यामुंबईची मंडळी चोरदरवाजाच्या वाटेनं गडावर चढायला इथंच गाड्या उभ्या करतात. आता त्यांच्यासाठी चहा-पोह्याच्या टपऱ्या आहेत, घरगुती जेवण आहे, रात्रभर जळणारे दिवे आहेत. माझ्या लहानपणी यातलं काही नव्हतं. वीज नव्हती. रॉकेलची चिमणी सुद्धा जपून जाळायची. त्यामुळं रात्रीचं सगळं काम चंद्राच्या हिशोबानं चालायचं, आणि हा हिशोब घराघरातल्या बायकांना तोंडपाठ होता.

माझी आजी अडाणी होती, पण तिला चंद्र कधी उगवणार हे पंचांग न बघता सांगता यायचं. तिची रीत सोपी होती. वद्यातली जी तिथी असेल तिच्या दुप्पट घटका मोजायच्या. घटका म्हणजे चोवीस मिनिटं. वद्य तृतीया असली तर सूर्य बुडाल्यावर सहा घटकांनी, म्हणजे अडीच तासांच्या आत-बाहेर, चंद्र वर यायचा. संकष्टी चतुर्थीला आठ घटका; म्हणून तर उपास सोडायला रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात. नवमीला अठरा घटका, म्हणजे मध्यरात्र उलटून गेल्यावर. आणि अवसेला तीस घटका, म्हणजे पुरी रात्र सरल्यावर, थेट सूर्याच्या बरोबरीनं. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो हे मी पुढं शाळेत शिकलो. आजीचा हिशोब त्याच्याशी दोन-चार मिनिटांच्या फरकानं जुळत होता. आमच्या खोऱ्यात चहूकडं डोंगर असल्यामुळं ती वर आणखी एखादी घटका डोंगराची म्हणून धरायची.

तिथी ही वस्तूच मोठी गमतीची आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. चंद्र कधी जलद चालतो, कधी हळू, म्हणून एखादी तिथी एकोणीस-वीस तासांत आटोपते, एखादी सव्वीस तासांपर्यंत लांबते. त्यातूनच तिथीचा क्षय आणि वृद्धी होते. अंतर एकशेऐंशी अंशांवर पोचलं की पुनव. तिथून पुढं चंद्र सूर्याच्या जवळ जवळ येत जातो आणि दर रात्री थोडा थोडा खातो. ही खात जाणारी पंधरा घरं म्हणजे वद्य.

या पाखात गावात काय व्हायचं? पुष्कळ काही व्हायचं. ओढ्याला खेकडे धरायला जायचं ते अंधाऱ्या पाखातच. चांदण्यातला खेकडा पोकळ आणि अंधारातला भरलेला, असं आमच्याकडं समजतात. चूड पेटवून पोरं ओढ्यात उतरायची. घराला लागणारं लाकूड, बांबू वद्यातच तोडायचे, म्हणजे भुंगा लागत नाही, असं जुनी माणसं सांगत. भाद्रपदात हळवं भात निसवायला लागलं की रानडुकरं उतरायची. चांदणं असलं तर ती लांबून दिसायची. वद्यात मात्र माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवायला लागायचा. त्या पंधरवड्यात राखणीला घरातला कर्ता माणूस जायचा, पोरांवर सोपवायची नाही. बाजाराला निघायचं असलं तर वद्यातली पहाट सोयीची, कारण उशिरा उगवलेला चंद्र पहाटे डोक्यावर असतो. रात्री निघायचं असलं तर शुद्धातली संध्याकाळ बरी. म्हणजे चांगला पाख आणि वाईट पाख असं काही नव्हतं. उजेड रात्रीच्या कोणत्या अर्ध्यात आहे, एवढाच प्रश्न असायचा.

मग वद्य अशुभ, हे आलं कुठून? ज्योतिषात चंद्राचं बळ बघतात. भरलेला चंद्र शुभ ग्रह आणि क्षीण चंद्र पाप ग्रह, असं मानतात. पण मुहूर्ताच्या शास्त्रानंही अख्खं वद्य कधी टाकलेलं नाही. तिथल्या वाटणीप्रमाणं शुद्धातल्या पहिल्या पाच तिथी दुबळ्या, मधल्या पाच मध्यम, शेवटच्या पाच उत्तम. वद्यात हेच उलटं. पहिल्या पाच उत्तम, मधल्या पाच मध्यम, शेवटच्या पाच टाकायच्या. याचा अर्थ वद्य पंचमीपर्यंतचा चंद्र शुद्धातल्या द्वितीया-तृतीयेच्या कोरीपेक्षा शास्त्राला जास्त मान्य आहे. लग्नाच्या यादीत वद्यातले मुहूर्त असतात ते याच कारणानं. हे बारकावे गावापर्यंत पोचले नाहीत. पोचलं ते एवढंच, ‘वद्यात नको.’ आणि आता तर शहरातून येणारे पाहुणेही पंचांग न उघडता तेच म्हणतात.

खरं बघितलं तर आपल्या महाराष्ट्राचं वर्ष या वद्यांवरच उभं आहे. ज्ञानोबांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची, शके १२१८. तुकोबांची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेची. एकनाथांची षष्ठी फाल्गुन वद्यातली. रामदासांची नवमी माघ वद्यातली. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची, गोकुळाष्टमी श्रावण वद्यातली. वसुबारस, धनतेरस, नरकचतुर्दशी हे सगळे आश्विन वद्यातले दिवस, आणि लक्ष्मीपूजन तर ऐन अवसेला. आमच्या पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडं पुष्कळ गावांत बैलपोळाही भाद्रपदाच्या अवसेला असतो, त्याला भादवी पोळा म्हणतात. ज्याला वद्य नको असेल त्यानं दिवाळी कधी करायची?

आता गडाकडं वळतो. शिवाजीमहाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीयेचा, शके १५५१. हे आज सगळ्यांना ठाऊक आहे, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसं नव्हतं. बखरींच्या आधारानं वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, हीच तिथी सर्वत्र धरली जात होती. म्हणजे शुद्धातली तिथी आणि सन १६२७. हे चित्र बदललं ते आमच्याच डोंगरापलीकडच्या एका गावातल्या कागदांमुळं. भोर तालुक्यात रोहिडखोऱ्यात कारी नावाचं गाव आहे. ते कान्होजी जेध्यांचं गाव. जेधे घराण्यात एक शकावली होती. शकावली म्हणजे वर्षावार टिपणांची यादी. कोणत्या शकात, कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला काय झालं, एवढीच कोरडी नोंद. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या अशा नोंदी तिच्यात आहेत. दाजीसाहेब जेधे देशमुखांनी ती लोकमान्य टिळकांच्या हाती दिली आणि टिळकांनी १९१६ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत ती लोकांपुढं आणली. तिच्यात महाराजांच्या जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, वार शुक्रवार, नक्षत्र हस्त, अशी नोंदलेली होती.

याच्यावर पुढं खूप वाद झाला. पण कवींद्र परमानंदांनी महाराजांच्या हयातीत रचलेल्या शिवभारतातही हीच तिथी सापडली, आणि जोधपूरकडं मिळालेली जुनी जन्मकुंडलीही याच दिवसाशी जुळली. महाराष्ट्र सरकारनं १९६६ साली इतिहासकारांची समिती नेमली. या शतकाच्या सुरुवातीला १९ फेब्रुवारी ही तारीख सरकारी जयंतीसाठी कायम झाली. तरी तिथीप्रमाणं जयंती करणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या-त्यांच्यात दरसाल शाब्दिक चकमकी होतात. त्यात एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन, कालगणनेतली आहे. आज आपण जी दिनदर्शिका भिंतीला लावतो तिच्या हिशोबानं तो दिवस १ मार्च १६३० येतो. तारखा अशा पद्धत बदलली की दहा दिवसांनी सरकतात. तिथी सरकत नाही, कारण ती सूर्य-चंद्राच्या अंतराला बांधलेली आहे. फाल्गुन वद्य तृतीयेला शिवनेरीवर चंद्र सूर्यास्तानंतर सहा घटकांनी उगवला असणार, आणि यंदाच्या फाल्गुन वद्य तृतीयेलाही तो तसाच उगवतो.

वद्याच्या बाबतीत तिथीलाही एक खोड आहे, ती मात्र सांगायला हवी. आपल्याकडं महिना अवसेला संपतो. नर्मदेच्या पलीकडं तो पुनवेला संपतो. शुद्ध पक्षात दोन्हीकडं महिन्याचं नाव एकच असतं. वद्य लागलं की उत्तरेकडं पुढचा महिना सुरू होतो आणि आपला जुनाच चालू राहतो. आपली महाशिवरात्र माघातली, त्यांची फाल्गुनातली, आणि दिवस तोच. महाराज आग्र्याहून निसटले ती तिथी आपल्याकडच्या नोंदीत श्रावण वद्य द्वादशी, शके १५८८, म्हणजे १७ ऑगस्ट १६६६. त्याच दिवशी आग्र्याच्या बाजारात बसलेला वाणी आपल्या वहीत भाद्रपद वदी द्वादशी लिहीत असणार. कागद कुठला आहे हे न बघता तिथी वाचली तर इतिहास एका महिन्यानं चुकतो. आग्र्याहून सुटलेले राजे शेवटी परत आले ते आमच्या राजगडावर.

राजगडावरून ज्या दोन रात्रीच्या मोहिमा निघाल्या म्हणून सांगतात, त्यांच्या तिथी मी एकदा शेजारी शेजारी मांडून बघितल्या. पहिली पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखानावरचा छापा. चैत्र शुद्ध अष्टमी, शके १५८५, म्हणजे ५ एप्रिल १६६३. दुसरी कोंढाण्याची. माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७०, वार शुक्रवार. एक शुद्धातली, एक वद्यातली, पण आजीच्या घटकांनी मोजलं तर दोन्ही तिथींचा उपयोग समजतो. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतीला लागतो. म्हणजे पुण्याकडं जाताना वाटेला उजेड, आणि काम उरकताना व परतताना अंधार. वद्य नवमीचं याच्या उलट. संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत काळोख, म्हणजे कडा चढताना वरच्या पहाऱ्याला माणूस दिसायला नको. महाराजांनी हाच विचार करून दिवस नेमले होते, असा कागद काही माझ्यापाशी नाही. पण रात्री डोंगर चढलेल्या कोणालाही चंद्राचा विचार केल्याशिवाय निघताच येत नाही, हे मावळातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

गड घेतल्यावर सिंहगडावर आग पेटवून खूण केली आणि ती महाराजांनी राजगडावरून बघितली, असं सभासदाच्या बखरीत आलेलं आहे. राजगड आणि सिंहगड यांच्यात सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. पद्मावती माचीवर किंवा सुवेळा माचीवर वद्यातल्या रात्री उभं राहिलं तर एवढ्या अंतरावरचा जाळ दिसायला अडचण नाही. पुनवेच्या रात्री तो इतका उठून दिसला नसता. तानाजी मालुसऱ्यांच्या त्या तिथीला, माघ वद्य नवमीला, पुढं बारा वर्षांनी शके १६०३ मध्ये समर्थ रामदास गेले. दासनवमी सगळ्या पंचांगांत छापलेली असते, तानाजीची नवमी शोधून काढावी लागते.

भोर तालुक्याचाच दुसरा माणूस बाजीप्रभू. हिरडस मावळातल्या बांदलांकडचे देशपांडे. आषाढी पुनवेच्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निघाले आणि उजाडला तो वद्य प्रतिपदेचा दिवस, शके १५८२, १३ जुलै १६६०. खिंड त्या दिवशी लढवली गेली. संभाजीमहाराजांना मारलं ती फाल्गुनातली अवस, शके १६१०. दुसऱ्या दिवशी पाडवा होता.

कोणी म्हणेल, हे सगळे मरणाचेच दिवस सांगताय, मग वद्य वाईटच की! तसं नाही. जिथं दिवस निवडायची मोकळीक होती तिथं महाराजांच्या दरबारानंही शुद्धच निवडला. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा आहे. आणि अफजलखानाचा प्रसंगही मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला घडला. म्हणजे रक्त शुद्धातही सांडलं आणि जन्म वद्यातही झाला. जन्म, मरण आणि लढाई यांना मुहूर्त विचारत बसायची सोय नसते. ज्या खोऱ्यातल्या माणसांना आयुष्यभर अशीच कामं पडली, त्यांनी अर्धा महिना अशुभ म्हणून टाकून दिला असता तर त्यांचं चाललं नसतं.

आता एक तिथी अशी आहे की जी आमच्या अगदी डोक्यावर घडली. भाद्रपद वद्य चतुर्दशी, शके १५८१, म्हणजे ५ सप्टेंबर १६५९. त्या दिवशी राजगडावर सईबाई गेल्या. शंभूराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. अफजलखान स्वराज्यावर चालून आलेला होता. सईबाई गेल्यावर सहासष्ट दिवसांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली. गडावर पद्मावतीच्या देवळासमोर जी समाधी दाखवतात ती सईबाईंची म्हणून सांगतात, आणि खाली पालच्या बाजूलाही त्यांचं स्मारक आहे. गडावर येणारी पोरं बालेकिल्ला बघतात, संजीवनी माचीचे चिलखती बुरूज बघतात, फोटो काढतात. या समाधीपाशी थांबणारं माणूस थोडं.

ती तिथी पितृपक्षातली आहे. भाद्रपद वद्य म्हणजे सगळ्या अंधाऱ्या पाखांतला मोठा पाख. या पंधरा दिवसांत मेलेल्यांची सोय कशी लावलीय ते बघण्यासारखं आहे. माणूस वर्षातल्या कुठल्याही महिन्यात, कुठल्याही पाखात जाऊ दे, त्याची तिथी या पंधरवड्यात धरायची. पंचमीला गेला तर पंचमी, दशमीला गेला तर दशमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईची नवमी, ती अविधवा नवमी. संन्याशाची द्वादशी. शस्त्रानं, अपघातानं गेलेल्याची चतुर्दशी. आणि ज्यांची तिथी कोणालाच ठाऊक नाही अशा सगळ्यांची अवस, सर्वपित्री. या रिवाजानं बघितलं तर सईबाईंचा दिवस नवमीचा, कारण त्या सौभाग्यवती गेल्या. आणि त्या गेल्या ती चतुर्दशी शस्त्रानं गेलेल्यांची आहे. म्हणजे राजगडाच्या राणीच्या तिथीलाच खिंडीतल्या आणि कड्यावरच्या माणसांचा म्हाळ येतो.

आमच्याकडं पितृपक्ष असं फारसं कोणी म्हणत नाही. म्हाळ म्हणतात. भावकीतल्या प्रत्येक घराचा म्हाळ वेगळ्या तिथीला, त्यामुळं पंधरा दिवस कुठं ना कुठं जेवण असायचंच. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळू, भोपळा, गवार, कारलं, कढी. आधी चुलीत आगारी टाकायची, मग पान घेऊन घराबाहेर कावळ्याची वाट बघायची. कावळा लवकर शिवला नाही तर म्हातारी माणसं हात जोडून बोलायला लागायची. ‘काय राह्यलंय ते सांग बाबा, करतो आम्ही.’ मेलेल्या माणसाशी इतकं सरळ बोलणं मी दुसऱ्या कुठल्या सणाला ऐकलं नाही.

आमच्या घरी दोन म्हाळ व्हायचे. एक पणजोबांचा, षष्ठीला. दुसरा अवसेला, एका पानाचा. हे पान आजोबांच्या थोरल्या भावाचं. तो मुंबईला गोदीत हमालीला गेला होता. मावळातली पुष्कळ माणसं तेव्हा पोटासाठी अशी मुंबई धरायची. १९१८ साली मानमोडीची साथ आली. सबंध मुंबई इलाख्यात माणसं पटापट गेली. गावात सुद्धा एकाला पोचवून येईपर्यंत दुसरा आडवा झालेला असायचा, असं आजोबा सांगत. थोरला भाऊ त्या सालानंतर परत आला नाही. पत्र नाही, निरोप नाही, बरोबरचा माणूस नाही. बारा वर्षं वाट बघून घरच्यांनी त्याला गेला असं धरलं आणि अवसेचं पान त्याच्या नावानं सुरू केलं. आजीनं त्याला कधी बघितलेलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो गेलेला होता. पण पन्नासेक वर्षं तिनं ते पान वाढलं, आणि त्याच्यावर वडा नेहमी एक जास्त ठेवला. कारण विचारलं तर म्हणायची, ‘परमुलखात उपाशी गेला असंल.’

पुढं जमिनीच्या वारसनोंदीच्या वेळी त्याचं नाव निघालं. सातबाऱ्यावर तो होताच. मृत्यूची तारीख विचारली गेली. आजोबांपाशी तारीख नव्हती, अवस होती. शेवटी गावातल्या चार म्हाताऱ्यांनी जबाब दिले की हा माणूस मानमोडीच्या सालापासून दिसलेला नाही आणि याच्या घरी सर्वपित्रीला याचं पान वाढतात. सरकारी कागदावर नुसतं साल चढलं. मला वाटतं, एखाद्या माणसाच्या असण्याचा आणि नसण्याचा पुरावा म्हणून म्हाळाचं पान सांगितलं गेलं, असं फार ठिकाणी झालं नसेल.

त्यानंतर मी जेव्हा शकावलीतल्या नोंदी वाचल्या तेव्हा माझं लक्ष नाव नसलेल्या माणसांकडं जायला लागलं. कोंढाण्यावर तानाजींबरोबर पाचशे मावळे गेले असं सभासद सांगतो. त्यांच्यातले किती परत आले, कोण कुठल्या वाडीचा होता, याची यादी नाही. ती माणसं आमच्या या खोऱ्यांतलीच, गुंजण मावळ, कानदखोरं, हिरडस मावळ इथली असणार. त्यांच्या घरच्यांना तिथी कळली असेल, कारण लढाईची रात्र एकच होती. पण पिढी दोन पिढीनंतर ती कोणी लक्षात ठेवली असेल? त्यांची वंशावळ आज कोणी सांगत नाही. असे सगळे शेवटी अवसेला जाऊन मिळतात. ज्यांना शकावलीत ओळ मिळाली ते इतिहासात आले, ज्यांना मिळाली नाही ते सर्वपित्रीत राहिले. दोन्ही नोंदी याच खोऱ्यातल्या माणसांनी ठेवल्या. एक कागदावर, एक केळीच्या पानावर.

माझ्या पुतण्याचा गडाच्या वाटेवर हॉटेलचा धंदा आहे. पोरगा शिकलेला आहे, हुशार आहे. पितृपक्षात गिऱ्हाईक कमी असतं, नवी गाडी घ्यायची नसते, कशाची सुरुवात करायची नसते, म्हणून तो या पंधरवड्यावर जरा नाराज असतो. एकदा त्यानं मला स्पष्ट विचारलं, ‘काका, ज्याला तुम्हीपण बघितलं नाही, आजीनंपण बघितलं नाही, त्याचं पान अजून कशाला?’ मी त्याला म्हटलं, ‘अरे, तू रोज पन्नास पोरांना सांगतोस, या दरवाजानं मावळे गड चढले. ते मावळे कुणी बघितलेत?’ तो हसला. पण माझ्या बोलण्यानं त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. त्याचा प्रश्न खरा आहे. त्याच्या पोरांपर्यंत हे पान जाईल की नाही ते मला सांगता येत नाही.

गेल्या काही वर्षांत मात्र त्यानंच एक केलंय. रात्री मुक्कामाला राहणाऱ्या मंडळींना तो वद्यातल्या रात्री आवर्जून सांगतो, दिवे मालवा आणि बाहेर येऊन बसा. शहरातली पोरं आकाश बघून गप्प होतात. एकानं त्याला विचारलं, चंद्र कधी उगवेल? त्यानं मोबाइल काढला नाही. तिथी विचारली, बोटावर दुप्पट केली, डोंगराची एक घटका वर धरली आणि वेळ सांगितली.

सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात आणि वर पद्मावतीकडं माणसांची ये-जा सुरू होते. त्याच्या आदल्या दिवशी, अवसेला दुपारी, आमच्या परसात अजून एक पान ठेवलं जातं. त्याच्यावर वडा एक जास्त असतो. आता तो माझी सून ठेवते.